नेपाळच्या निवासी शाळेत सेवेला जाण्यापूर्वी

वाचक भगिनीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“मी परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते. वय २६. गणित विषय घेऊन बी.एस्सी. आणि नंतर बी.एड. केले असून, शिक्षकभरतीची वाट पाहत एका खासगी शिकवणीत आठवी ते दहावीला गणित शिकवते. काठमांडूजवळच्या गरीब व अनाथ मुलांच्या एका निवासी शाळेत स्वयंसेविका म्हणून जाण्याची संधी एका मध्यस्थ संस्थेमार्फत आली आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून भाऊबीजेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, मुलांच्याच वसतिगृहात राहायचे, त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचे, खेळ घ्यायचे आणि त्यांना ‘मायेचा आधार’ द्यायचा, असे माहितीपत्रकात लिहिले आहे. प्रवासखर्च सोडून शुल्क ४८,००० रुपये आहे. त्यातले ८,००० मी भरले आहेत, उरलेले महिनाअखेर भरायचे आहेत. शेवटी प्रमाणपत्र मिळणार आहे. माझी आई अंगणवाडी सेविका आहे. ती म्हणते, काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपल्याकडे ऊसतोड कामगारांची एवढी मुले आहेत, त्यांना सोडून नेपाळला कशाला जातेस? मला मात्र मनापासून जावेसे वाटते. जावे की नाही?”

प्रिय भगिनी,

उत्तर आधी देते, कारणे मागून. हा कार्यक्रम ज्या स्वरूपात तुमच्यापुढे आला आहे त्या स्वरूपात जाऊ नका आणि उरलेले ४०,००० रुपये भरू नका. नेपाळला जाण्याची इच्छा मात्र सोडून देण्याचे मला काही कारण दिसत नाही. गणित नीट शिकवता येते आणि काही महिने मोकळे काढता येतात अशी शिक्षिका कोणत्याही निवासी शाळेला हवीच असते, आणि माझी पहिली तक्रार हीच आहे की त्या माहितीपत्रकात तुमच्या गणिताचा उल्लेखसुद्धा नाही. त्यांना तुमच्याकडून माया हवी आहे, तीही तीन आठवड्यांपुरती, आणि तिचे शुल्क पुन्हा तुम्हीच भरायचे आहे.

सुरुवात तारखांपासून करू, कारण त्या पुष्कळ काही सांगतात. विजयादशमी ते भाऊबीज हा नेपाळमध्ये दसैं आणि तिहार या दोन सर्वांत मोठ्या सणांचा काळ असतो. दसैंची टीका, म्हणजे कपाळाला टिळा लावण्याचा विधी, विजयादशमीला सुरू होते ती कोजागरी पौर्णिमेपर्यंत चालते. काठमांडूत नोकरीधंद्यासाठी राहणारी माणसे मिळेल त्या गाडीने आपापल्या गावाकडे निघतात आणि घरातल्या थोरांच्या हातून कपाळाला टीका लावून घेतात, कानामागे घटस्थापनेला पेरलेल्या जवाचे कोंब खोचून घेतात. पंधरवड्याने तिहार येतो आणि त्याचा शेवट भाईटीकेने, म्हणजे आपल्या भाऊबीजेच्या दिवशी होतो. शाळांच्या मोठ्या सुट्ट्या याच काळात असतात. मग त्या तीन आठवड्यांतल्या बहुतेक दिवशी तुम्ही शिकवणार तरी कोणत्या वर्गाला? आणि ज्या मुलांना घर आहे ती मुले सणाच्या दिवसांत वसतिगृहात का असतील? डोंगराळ जिल्ह्यांतल्या काही मुलांचे गाव इतके दूर आणि वाटेला इतके अवघड असते की त्यांना जाता येत नाही, हे मान्य. तरीही शाळेला पहिला प्रश्न हाच विचारा, की दसैंला किती मुले घरी जातात आणि त्यांना न्यायला कोण येते. ज्या शाळेत मुलांचे घराशी नाते टिकवण्याची काळजी घेतली जाते, तिथल्या मुख्याध्यापकांना याचे उत्तर तोंडपाठ असते. एकही मूल जात नाही, असे कुणी अभिमानाने सांगितले, तर त्या शाळेच्या वाटेला जाऊ नका.

दुसरी गोष्ट ‘अनाथ’ या विशेषणाची. नेपाळमध्ये १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे माओवादी बंडखोर आणि शासन यांच्यात सशस्त्र संघर्ष चालला. त्या काळात हुमल्यासारख्या, जिथे मोटाररस्ताही पोहोचला नव्हता अशा, दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी शेकडो मुले काठमांडूला आणली. मुलगा बंडखोरांच्या हाती लागू नये आणि चांगल्या शाळेत शिकावा, एवढ्या आशेवर आईबापांनी होते नव्हते ते विकून दलालाला पैसे दिले. राजधानीत आल्यावर मात्र त्यांतल्या अनेक मुलांचे कागद बदलले आणि आईबाप जिवंत असताना ती अनाथ ठरली, कारण देणगीदार आणि पाहुणे अनाथ मुलांसाठी हात सैल सोडतात. मुकादमाकडून उचल घेताना कोणत्या कागदावर अंगठा उठतो आहे हे न कळलेली माणसे आपल्याकडेही आहेत, तेव्हा त्या आईबापांना भोळे म्हणण्याचा अधिकार निदान मराठवाड्याला नाही. २०१५ च्या एप्रिलमधील भूकंपानंतर हाच प्रकार पुन्हा वाढेल या भीतीने नेपाळ सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. पुढे ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना अनाथालये भरण्यासाठी होणारी मुलांची ही ने-आण गुलामगिरीचाच एक प्रकार असल्याचे मान्य केले आणि २०१९ च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने आपल्या ठरावात स्वयंसेवकांच्या अशा सहलींमुळे मुलांची होणारी हानी रोखण्याचे आवाहन सदस्य देशांना केले.

तुम्हाला बोलावणारी शाळा अशी आहे, असे मी म्हणत नाही. नेपाळमध्ये गरीब मुलांना खरोखर उत्तम शिकवणाऱ्या निवासी शाळा आहेत आणि त्यांच्यामुळे पहिल्यांदा दहावी ओलांडलेली घराणीही आहेत. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र दोन्ही ठिकाणे सारखीच दिसतात. तीच रंगवलेली भिंत, तीच रांगेत उभी राहून गाणे म्हणणारी मुले. म्हणून मुलांच्या चेहऱ्यांवरून किंवा माहितीपत्रकातील छायाचित्रांवरून काहीही ठरवू नका. शाळेची नोंदणी कोणत्या कार्यालयात झाली आहे, वसतिगृहाला स्वतंत्र मान्यता आहे का, किती मुलांचे आईवडील हयात आहेत आणि त्यांच्या भेटी कधी होतात, हे लेखी विचारा. नेपाळमध्ये संस्थांची नोंदणी जिल्हा प्रशासन कार्यालयात होते आणि अनेक संस्था समाज कल्याण परिषदेशीही संलग्न असतात, त्यामुळे नोंदणी क्रमांक मागण्यात कुणाचा अपमान होण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्दा. लातूर, परभणी, नांदेडच्या वसाहतींत रात्री शिटी वाजवत फिरणारा नेपाळी चौकीदार तुम्ही पाहिला असेल. त्याची बायकोमुले कुठे असतात, हे आपण सहसा विचारत नाही. अनेकांची मुले आजीआजोबांजवळ किंवा एखाद्या वसतिगृहात असतात, कारण बाप भारतात किंवा आखातात कमावतो आणि त्या कमाईतून मुलाच्या शिक्षणाचा खर्च निघतो. आपल्या बीड, परभणी, जालना भागातले ऊसतोड मजूर दिवाळीच्या आगेमागे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात आणि मुलाला म्हाताऱ्या आईजवळ ठेवतात, त्यामागे काही निराळे कारण नसते. तुम्ही ज्या मुलांकडे निघाला आहात त्यांच्यापैकी बहुतेकांना आई आहे. ती दूर आहे, गरीब आहे, कदाचित वर्षातून एकदाच भेटते, पण आहे. तिची जागा तीन आठवड्यांसाठी भरून काढायला कुणी परक्या मुलीने जाणे, हे त्या मुलावर आणि त्या आईवर अन्याय करणारे आहे. शाळेत जी जागा रिकामी असते ती गणिताच्या शिक्षकाची, आजारी मुलाला दवाखान्यात नेणाऱ्याची, संध्याकाळच्या अभ्यासिकेत शंका सोडवणाऱ्याची. तुम्ही जायचे असेल तर यांपैकी एका जागेवर जा. मायेचा आधार या सदराखाली जाऊ नका.

या बाबतीत तुमच्या घरातच माझ्याहून जाणकार व्यक्ती आहे. तुमच्या आईंना विचारा, की अंगणवाडीत पहिल्या दिवशी आलेले मूल काय करते. ते आईचा पदर सोडत नाही, रडते, नव्या बाईंकडे दोन-तीन दिवस संशयाने बघते, आणि आईंना त्यात काही वावगे वाटत नाही, कारण सुदृढ मूल असेच वागते. याउलट ज्या मुलाभोवतीची माणसे सारखी बदलत राहिली आहेत ते अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पाच मिनिटांत हात टाकते. स्वयंसेवक याला प्रेम समजतात आणि तसे लिहितात. बालमानसशास्त्राला मात्र या वागण्यात सुटलेल्या मायेच्या धाग्यांची खूण दिसते. तुम्ही तीन आठवड्यांनी परत येणार, तुमच्या जागी दुसऱ्या गावची दुसरी ताई येणार, मग तिसरी. प्रत्येकीला निरोप देताना ते मूल थोडे थोडे शिकत जाते, की आपल्याला जवळ घेणारे माणूस जाण्यासाठीच आलेले असते. तुमचा हेतू कितीही निर्मळ असला तरी या साखळीतली एक कडी तुम्ही होता.

किल्लारी पट्ट्यातल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर त्या गावांतली सुमारे बाराशे मुले भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्या कामाचे मोल असे, की तिथे मुलांचे राहणे आणि शिकणे सलग, वर्षानुवर्षे चालले. त्याच काळात मदतीच्या नावाखाली गावांत कॅमेरे घेऊन फिरून गेलेले पाहुणे आज कुणाच्या लक्षातही नाहीत. मुलांच्या आयुष्यात उपयोगी पडतो तो थांबलेला माणूस, आणि जो थांबू शकत नाही त्याने निदान थांबलेल्या माणसाच्या हाताखाली काम करावे.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू आहे, पण सांगायलाच हवी. आपल्याकडे एखाद्या नेत्याचा वाढदिवस असला की कार्यकर्ते केळी आणि सफरचंदांच्या करंड्या घेऊन वसतिगृहात येतात, मुलांना ओळीत उभे करतात, एका केळाला पाच हात लावून छायाचित्र काढतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘फळवाटप’ अशी बातमी येते. त्या मुलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले की आपल्याला लाज वाटते. परदेशातल्या वसतिगृहातल्या मुलांबरोबर काढलेले छायाचित्र आपल्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवणे ही त्याचीच सुशिक्षित आवृत्ती आहे. तुमच्या भाच्याचा फोटो ‘गरीब बालक’ म्हणून एखाद्या परक्या माणसाने जगाला दाखवलेला तुम्हाला चालणार नाही. तेव्हा जाल तेव्हा मुलांचे चेहरे असलेले एकही छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकायचे नाही, हे निघण्याआधीच ठरवून टाका.

पैशांकडे वळू. भारतीय एक रुपया म्हणजे नेपाळी एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून स्थिर आहे. म्हणजे तुमचे ४८,००० रुपये तिथे ७६,८०० रुपये होतात. यांतले किती शाळेला मिळतात आणि किती मध्यस्थाकडे राहतात, हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्याबरोबर दुसराही विचारा, की त्या शाळेतील गणिताच्या शिक्षकाला महिन्याला किती पगार मिळतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पाहुण्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या वसतिगृहाला पाहुणे हवे असतात, आणि पाहुणे येत राहावेत म्हणून मुलेही तिथे राहिलेली हवी असतात, घरी गेलेली नको असतात. राहण्याजेवण्याचा खर्च स्वयंसेवकाने द्यावा, यात गैर काही नाही. शाळेवर तुमचा भार का पडावा? पण तो खर्च थेट शाळेला, पावती घेऊन द्यावा, आणि मुलांच्या वसतिगृहातल्या खाटेसाठी मुळीच देऊ नये.

कारण मुलांच्या वसतिगृहात राहणे, ही माझ्या दृष्टीने या कार्यक्रमातली सर्वांत आक्षेपार्ह अट आहे. भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. ही आपल्यासाठी मोठी सोय आहे, पण तिचा दुसरा अर्थ असा की तुम्ही कोण, कशासाठी आलात, पूर्वी काय केले, हे सीमेवर कुणी तपासत नाही. ती तपासणी शाळेने करायची असते. ज्या शाळेने तुमच्याकडून ना चारित्र्याचा दाखला मागितला, ना पूर्वीच्या मुख्याध्यापकांचे पत्र, ना दूरध्वनीवर मुलाखत घेतली आणि तरीही रात्री मुलींच्या खोलीत झोपायला जागा दिली, तिने तुमच्याआधी आणखी कुणाकुणाला अशी जागा दिली असेल, याचा विचार करा. तुम्ही सज्जन आहात हे मला पत्रावरून कळते, पण त्या शाळेला ते कळण्याचा मार्गच नाही, आणि तो असावा असे तिला वाटलेलेही नाही. महाराष्ट्र पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीसाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. मागितला नसला तरी तो दाखला काढा आणि शाळेला पाठवा. बाल संरक्षणाचे लेखी नियम आहेत का, हेही विचारा. मुलाबरोबर बंद खोलीत एकटे बसायचे नाही, रात्री निवासात जायचे नाही, एकेकट्या मुलाला भेटवस्तू किंवा पैसे द्यायचे नाहीत, आपला मोबाइल क्रमांक द्यायचा नाही, एवढे नियम शाळेने सांगितले नाहीत तरी स्वतः पाळा. हे नियम मुलांचे रक्षण करतात आणि परक्या देशात तुमचेही करतात.

एखाद्या मुलीने तुम्हाला विश्वासाने काही भयंकर सांगितले तर काय कराल, याचाही आधीच विचार करून ठेवा. “कुणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नका. उलटसुलट प्रश्न विचारू नका. ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा आणि शाळेत बाल संरक्षणाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांना सांगा. संशय त्यांच्यावरच असेल तर नेपाळमधील बालसाहाय्य क्रमांकही आपल्यासारखाच १०९८ आहे.

आईंच्या म्हणीबद्दल आता थोडे सविस्तर लिहिते, कारण पत्रातला खरा पेच तोच आहे, असे मला वाटते. काखेतला कळसा आईंना दिसतो, तो खरोखर आहे. ऊसतोडीच्या हंगामात गावी मागे राहिलेल्या मुलांसाठी समग्र शिक्षा अभियानातून हंगामी वसतिगृहे चालतात. अनेक ठिकाणी त्यांचे स्वरूप असे आहे, की मुले रात्री आजीकडे झोपतात आणि सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळेत होते. राज्य सरकारने २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजनाही आणली. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयेही मराठवाड्यात आहेत. या सगळ्या ठिकाणी भाताला तांदूळ पोहोचतात, पण संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत मुलांना अपूर्णांक समजावून सांगणारे माणूस असतेच असे नाही. तेव्हा आई खोटे बोलत नाहीत. तरीही ‘इथली मुले आधी, मग तिथली’ असा हिशेब मला मान्य नाही. दूरच्या देशातल्या मुलांसाठी मनात ओढ वाटणे हा काही गुन्हा नाही, आणि घराजवळच्या कामात मन नसताना केवळ अपराधी वाटून केलेली सेवा कोणाच्याच कामाची नसते. मला आईंच्या बोलण्यातला वेगळाच भाग उपयोगाचा वाटतो: घराजवळच्या मुलांबरोबर एक हंगाम काढल्याशिवाय परदेशातल्या निवासी शाळेत आपण काय देऊ शकू, हे तुम्हाला कळणार कसे? शिकवणीतली मुले घरून जेवून, वही-पेन घेऊन येतात. वसतिगृहातले मूल ताप अंगात घेऊन, घरच्या आठवणीने न झोपता वर्गात बसलेले असते. त्याला गणित शिकवणे निराळे.

आणि दिनदर्शिका या बाबतीत तुमच्या बाजूने आहे. गळीत हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये संपतो, मजूर परततात, हंगामी वसतिगृहे बंद होतात. नेपाळमधील शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यात, विक्रम संवताच्या नववर्षाबरोबर सुरू होते. तेव्हा माझी सूचना अशी आहे. या दिवाळीपासून पूर्ण हंगाम तुमच्या तालुक्यातील एखाद्या हंगामी वसतिगृहात किंवा कस्तुरबा विद्यालयात रोज संध्याकाळी गणित शिकवा. त्यासाठी मुख्याध्यापकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटून रीतसर लेखी परवानगी घ्या. मधूनच सोडायचे नाही, हे स्वतःला बजावा. शिकवणीचे वर्ग सांभाळूनही हे जमेल. मग वैशाखात, वर्गांची घडी बसत असतानाच, नेपाळमध्ये जा आणि निदान तीन महिने थांबा. एवढा काळ शिकवणीतून सुटी मिळणार नसेल तर प्रत्यक्ष जाणे एक वर्ष पुढे ढकला, पण तीन आठवड्यांवर तडजोड करू नका.

तिथे गेल्यावरचे काम कसे असावे, तेही आधीच ठरवून घ्या. वर्गशिक्षकाला बाहेर पाठवून पूर्ण वर्ग स्वतःच्या हाती घेण्याचा मोह टाळा. पाहुण्या शिक्षिकेने तिच्या मनाने चार धडे शिकवले आणि ती गेली, की त्या शिक्षकाला तेच धडे पुन्हा अभ्यासक्रमाच्या चौकटीत बसवत बसावे लागते. नेपाळमध्ये दहावीच्या शेवटी माध्यमिक शिक्षा परीक्षा असते आणि गणित तिथेही अनिवार्य आहे. गणितात मागे पडलेल्या सहावी-सातवीच्या मुलांचा एक छोटा गट, शिक्षकांच्या सल्ल्याने निवडलेला, आणि आठवड्यातून एकदा शिक्षकांबरोबर बसून कागद, काड्या, दोरी यांतून करता येतील असे पाठ तयार करणे, एवढे काम तीन महिन्यांना पुरून उरेल. तुम्ही परतल्यावर ते पाठ तिथल्या शिक्षकांच्या हाती राहतील. भाषेची काळजी फारशी करू नका. लिपी देवनागरीच आहे, हिंदी पुष्कळ मुलांना समजते, आणि गणिताची पुस्तके अनेक शाळांत इंग्रजीत असतात. तरीही निघण्यापूर्वी तुमच्या गावातल्या एखाद्या नेपाळी कुटुंबाशी ओळख करून घेऊन रोजची वाक्ये शिकून घ्या. त्या निमित्ताने त्यांची मुले कुठे शिकतात तेही कळेल, आणि तुमच्या तयारीत कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा ही ओळख अधिक कामाची ठरेल.

मुलांना पहिल्याच दिवशी परतण्याची तारीख सांगा. पुन्हा येईन, असे जाताना म्हणू नका, जोपर्यंत तुमचे तिकीट काढलेले नाही.

प्रवासाचे थोडक्यात. आधार कार्डावर नेपाळमध्ये प्रवेश मिळेल असे गृहीत धरून अनेक जण निघतात आणि अडकतात. तुमच्या वयाच्या व्यक्तीला पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र लागते. मनमाडहून गोरखपूरची गाडी, तिथून सोनौली सीमा आणि पुढे बस, हा आपल्याकडच्या लोकांचा स्वस्त मार्ग आहे. साप्ताहिक सुट्टी तिथे शनिवारी असते. पिण्याच्या पाण्याची काळजी घ्या आणि विषमज्वराच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. राहण्यासाठी शाळेजवळ एखाद्या शिक्षिकेच्या घरी किंवा भाड्याच्या साध्या खोलीत सोय करता येईल का, हे शाळेलाच विचारा; ४८,००० रुपयांत असे किती महिने निघतात, याचा हिशेब ते तुम्हाला देऊ शकतील.

प्रमाणपत्राची आशा मात्र मनातून काढून टाका. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरील निवड शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीतील गुणांवर होते. परदेशी स्वयंसेवेच्या कागदाला तिथे गुण नाहीत. खासगी संस्थेच्या मुलाखतीत कुणी विचारलेच, तर एका हंगामात ऊसतोड मजुरांच्या किती मुलांना अपूर्णांक जमू लागले, हे तुम्ही सांगू शकाल, आणि त्याला प्रमाणपत्राची गरज पडणार नाही.

आता लगेच करायचे काम. मध्यस्थाला बाजूला ठेवून थेट त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहा. मी गणिताची शिक्षिका आहे, वैशाखापासून तीन महिने येऊ शकते, वसतिगृहात राहणार नाही, खर्च माझा मी करीन, दाखला सोबत जोडला आहे, तुम्हाला माझा उपयोग आहे का, असे सरळ विचारा आणि वर लिहिलेले प्रश्नही त्यात घाला. पत्राचे उत्तर आईंबरोबर बसून वाचा. अंगणवाडीत एवढी वर्षे काढलेल्या बाईला कोणते उत्तर मोकळे आहे आणि कोणते टाळाटाळीचे, हे चटकन कळेल. उत्तर आलेच नाही, किंवा पुन्हा मध्यस्थाकडेच बोट दाखवले गेले, तर दुसरी शाळा शोधा. भरलेले ८,००० रुपये लेखी परत मागा. मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तरी केवळ ते बुडतील या भीतीने पुढची रक्कम भरू नका.